मूत्रपिंडांवरच्या टोप्या

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे अ‍ॅड्रिनल. वजन प्रत्येकी जेमतेम 4-5 ग्रॅम. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, रक्त पातळ करणारी औषधं चालू असली, की कधीकधी त्यांत रक्तस्राव होतो. कुशीत दुखतं, ताप येतो. पण ही लक्षणं कशाचीही असू शकतात, तिथेच फसगत होते. सलाईन लावूनही रक्तदाब वर येत नाही, रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, मग डॉक्टरांना शंका येते. सीटी स्कॅनमध्ये फुगलेली ग्रंथी दिसते. तान्ह्या बाळाला सोनोग्राफी पुरते. एकाच बाजूचा रक्तस्राव बहुधा नुसता लक्ष ठेवूनही जिरतो. दोन्हीकडे असेल तर मात्र या ग्रंथींच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या रिपोर्टची वाट बघायची नसते. प्रौढाला हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड 100 मिलिग्रॅम, लगेच शिरेतून. पुढे अनेकांना स्टिरॉइडची गोळी रोजची होते. ती मनाने बंद करू नये.