हप्तेवहीची शाई पाण्याला टिकते का?

आज आपण शाईबद्दल बोलणार आहोत. हसू नका! पावसाळ्यात कौलांतून गळलेल्या पाण्याने आमच्या गटाच्या हप्तेवहीची चार पानं भिजली आणि तीन जणींचे कर्जाचे हप्ते लाल डागात विरघळून गेले. एकीने सहा हप्ते भरले होते की सात, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी तिच्या पासबुकावरून मेळ लागला, पण तोवर मनं दुखावली होती.

तुम्ही म्हणाल, बॉलपेन वापरा. त्याची शाई तेलकट असते, पाण्याने सहसा पसरत नाही. खरं आहे. पण आमच्याकडे साठीनंतर सही शिकलेल्या मावश्या आहेत. शाईपेन दाबावं लागत नाही, टेकवलं की उमटतं. त्यांचा हात त्याच्यावरच बसलाय. आणि रंग आम्हाला हवेतच. बचत हिरवी, कर्ज लाल. वाचता न येणारीलाही आपलं हिरवं खातं कळतं.

म्हणून आम्ही वॉटरप्रूफ म्हणून मिळणारी लाल आणि हिरवी शाई आणली आणि नेहमीच्या लाल-निळ्या शाईशेजारी तपासली. लिहायला आमच्या वहीचाच कागद घेतला, कारण गुळगुळीत महागड्या कागदावर कुठलीही शाई चांगलीच दिसते.

प्रत्येक शाईने नाव आणि रक्कम लिहून एक दिवस वाळू दिलं. मग पानं अर्धा तास परातीत पाण्यात ठेवली. नेहमीची लाल पार गेली, पाणी गुलाबी झालं. निळीची पुसट रेघ उरली. नवी लाल आणि हिरवी मात्र जशीच्या तशी. पण लिहून पाच मिनिटांत ओलं बोट फिरवलं तर तीही फरफटली. म्हणजे बैठक संपल्या संपल्या वही मिटायची नाही, वाळू द्यायची.

असं का होतं? साध्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, पाणी आलं की तो पुन्हा त्यातच जातो. आमच्या नव्या शाईत रंगाचे अगदी बारीक कण असतात. ते विरघळत नाहीत, कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत. तीही पक्की, हवा लागली की आणखी गडद होई. पण ती काळीच. लाल-हिरवा रंग तिच्यातून निघत नाही.

दुसरी चाचणी उन्हाची. पान अर्धं पुठ्ठ्याखाली झाकून महिनाभर पत्र्यावर ठेवलं. नेहमीची लाल फिकी पडली, नवीत फरक शोधावा लागला. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हिरवी थोडी उतरली, तरी आकडा वाचता येत होता. खाडाखोड करणाऱ्याला हे सोपं नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं.

आता खोडी सांगतो. हे कण पेनात वाळले की निब चोंदते. आठ दिवस न वापरलेलं एक पेन लिहीचना. साध्या पाण्याने चार-पाच वेळा धुतल्यावर चाललं. म्हणून पेन थोडंच भरायचं, दर पंधरवड्याला धुवायचं, दोन शाया एकत्र करायच्या नाहीत. स्वस्त कागदावर ही शाई जरा फुटते, मागच्या पानावर दिसते. बारीक निबेने हे कमी होतं. आणि साडीवर सांडली तर साडीची आशा सोडा.

घेताना दोन गोष्टी बघा. बाटलीवर नुसतं 'परमनंट' असेल तर ती पाण्यात टिकेलच असं नाही, 'वॉटरप्रूफ' लिहिलंय का बघा आणि तरी घरी भिजवून बघा. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात कधीच भरू नका. तिच्यात बहुधा लाख असते, ती सुकली की पेन कायमचं जातं.

ही बाटली साध्या शाईपेक्षा बरीच महाग आहे. आम्ही ती फक्त हप्तेवही आणि ठरावाच्या सह्यांसाठी ठेवली आहे. बाकीच्या टिपणांना बॉलपेन. बँकेच्या कागदांवर रंगीत शाई नको, तिथे निळं किंवा काळंच. मावश्यांची पेनं धुवायचं काम दर महिन्याला दोघी-दोघींना वाटून दिलंय. या महिन्याची पाळी आमच्या कोषाध्यक्ष ताईंची आहे.