बापाचा धंदा, जर्मनमध्ये
मी विद्यापीठात जर्मन घेऊन बी.ए. करतोय म्हटलं की वस्तीतली पोरं इचारतात, 'पोट भरंल का यानं?' सवाल खरा आहे. पण बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. तोच माणूस कोलंबियात फ्रेंच-जर्मन शिकला आणि १९२१ साली बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी त्यानं जर्मनमधून अर्ज लिहिला.

माझ्या 'न'-'ण'ला हसणारेही या वर्गात अडखळतात. 'मी' म्हणायचं तर 'इश' की 'इख', कुणालाच जमत नाही. मजा वाटायची.

मग धडा आला: वडील काय करतात? पुस्तकात डॉक्टर, मास्तर, इंजिनिअर. भराभर उत्तरं. माझा बाप म्युन्सिपाल्टीत रस्ते झाडतो. त्याला पुस्तकात शब्दच नाही! बाई म्हणाल्या, "अरे, मास्तर सांग. वाक्य बरोबर आलं म्हणजे झालं."

व्याकरणासाठी बाप बदलू?

लायब्ररीत जाऊन डिक्शनरी उघडली. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो, मोठ्यानं म्हणालो, "माइन फाटर इस्ट श्ट्रासेनकेरर."

वर्ग गप्प. अर्थ कुणी विचारला नाही. बाईंनी उच्चार तेवढा दुरुस्त केला.