आकाशयानाचा मालक कोण?



या व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडली तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बराच हशा पिकला. बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार या विषयांवर तीस वर्षे बोलत आलेला माणूस आकाशयानांच्या मालिकांवर बोलणार, हे सोबत्यांना पटेना. एक जुना सोबती म्हणाला, "खालचे प्रश्न सुटले वाटते, म्हणून तुम्ही वर निघालात!" मी त्याला म्हटले, तू ये आणि ऐक. वर गेले तरी प्रश्न खालचाच आहे.

मी पंडित नव्हे, हे आरंभीच सांगतो. दहावीनंतर शाळा सुटली आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागलो. पुढचे शिक्षण झाले ते पाळी सुटल्यावर, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे आढळले तर दोष माझा. काही बरे आढळले तर त्या दोन संस्थांचा गुण समजावा.

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीच्या आमच्या चाळीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्याच्यापुढे सारी चाळ जमत असे. दूरदर्शनवर तेव्हा ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका लागे. तिचे इंग्रजी आम्हा पोरांना ओ की ठो कळत नसे. पण एवढे कळे की, त्या यानावर निरनिराळ्या देशांची माणसे, आणि एक टोकदार कानांचा परग्रहावरचाही, एका जागी बसून काम करतात. आमच्या चाळीत नळावरून रोज भांडण होई; त्यामुळे ही गोष्ट आम्हाला प्रकाशाच्या वेगाहूनही अद्भुत वाटे. मग १९८९ साली आपल्या हिंदीत ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, १९९८ साली केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. मिलिंद सोमण त्यात नायक होता. माझा दहा वर्षांचा पुतण्या तिच्यापायी जेवणाचे ताट घेऊन टीव्हीसमोर बसे. ती संपल्यावर त्याने मला विचारले, "काका, आता पुढची कधी?" मी म्हटले, येईल. ती आली नाही. पुतण्याला आता स्वतःची मुले आहेत.

‘स्टार ट्रेक’ १९६६ची, इंग्लंडची ‘डॉक्टर हू’ १९६३ची. त्या साठ-साठ वर्षे टिकल्या आणि आपल्या मालिका दोन पावसाळेही का टिकल्या नाहीत, हा पहिला प्रश्न. आणि त्या टिकलेल्यांचेही आज भवितव्य डळमळीत का झाले, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर हिशेबात आहे. १९८४ साली ‘हम लोग’ आली आणि दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. मालिका बहुधा तेरा-तेरा भागांच्या हप्त्यांनी मंजूर होई आणि साबण-बिस्किटे विकणारा प्रायोजक जोवर पाठीशी असे तोवर चाले. सासू-सुनेचे भांडण एका सोफ्यावर आणि एका जिन्यावर वर्षभर पुरते. आकाशयानाला मात्र वरचेवर नवा ग्रह लागतो, नवे पोशाख लागतात. खर्च जास्त, मुदत तोकडी. अशा जमिनीत मिरची-कोथिंबीर होते, आंबा होत नाही.

आता दुसरा प्रश्न. ‘स्टार ट्रेक’लाही मालकाने दोनच वर्षांत गुंडाळायचे ठरवले होते, असे प्रेक्षकांच्या कानी आले. तेव्हा त्या प्रेक्षकांनी काय केले? आपण जे करतो तेच! १९६७-६८च्या हिवाळ्यात त्यांनी पत्रांची मोहीम काढली. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तर दूरचित्रवाणी कंपनीच्या दारावर मशाल मोर्चा नेला. कंपनी नमली आणि तिसरे वर्ष मिळाले. पण मोर्चाला ‘हो’ म्हणणारा मालक मागच्या दाराने काय करतो, हे आम्हा युनियनवाल्यांना कोणी सांगायला नको. मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली गेली. ती वेळ तरुणांच्या बाहेर जाण्याची. १९६९ साली ७९ भागांवर ती बंद पडली.

तरी ती मेली नाही. गावोगावच्या छोट्या केंद्रांनी जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले, नव्या पिढीने ते पाहिले, प्रेक्षकांची संमेलने भरू लागली. अखेर १९७९ साली चित्रपट निघाला आणि १९८७ साली नवी मालिका.

‘डॉक्टर हू’ची कथा याहून बोधप्रद आहे. १९६६ साली तिच्या नायकाची प्रकृती ढासळली. तेव्हा लेखकांनी युक्ती काढली: हा नायक मरत नाही, रूप पालटतो. नवा नट आला आणि कथा पुढे गेली. परंतु याच मालिकेच्या टेपा बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या, कारण टेप महाग होती आणि जुना भाग पुन्हा कोणी मागेल असे साहेबांना वाटले नाही. आजही नव्वदाहून अधिक भागांचे चित्र गहाळ आहे. मात्र त्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत आहे. तो कोणी राखला? घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांनी! मालकाने पुसले, ते प्रेक्षकाने जपले. १९८९ साली मालिका थांबली, आणि २००५ साली जिने पुन्हा उभी केली ती लेखणीही लहानपणी ही मालिका पाहून वाढलेल्या माणसाचीच होती.

हे वाचले तेव्हा मला आमच्या कारखान्याची आठवण झाली. तो बंद पडला तेव्हा आम्ही गेटवर मांडव टाकून बसलो. घोषणा एकच: कारखाना चालू करा. आम्ही पुढच्या गेटवर आणि मागच्या गेटातून रात्री डाया, साचे, नकाशे भंगारात चालले होते. आम्हाला ते कळले तेव्हा उशीर झाला होता. कारखाना उद्या कोणी चालू करतो म्हटला असता तरी चालवायचा कशावर? ती चूक आमची, माझी. वास्तू वाचवण्याच्या नादात आम्ही विद्या वाचवायची विसरलो.

आता अलीकडचे पाहा. ‘डॉक्टर हू’साठी बीबीसीने २०२२ साली डिस्ने कंपनीशी भागीदारी केली. पैसा आला, थाट आला. २०२५च्या ऑक्टोबरात डिस्ने बाजूला झाली. २०२६च्या नाताळात एक विशेष भाग देऊ, एवढे बीबीसीने तेव्हा जाहीर केले. ‘स्टार ट्रेक’ची मालक पॅरामाउंट कंपनी २०२५च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि तिची एक गाजलेली मालिका पाचव्या, आखूड हंगामानंतर संपणार हे त्याच वर्षी ठरले. प्रेक्षक आटले म्हणूनच हे झाले असे नव्हे. भागीदार बदलला, मालक बदलला की ताळेबंद नव्याने मांडला जातो, आणि त्यात आकाशयान ही एक खर्चाची बाब असते.

आणि जे हे यान बांधतात त्यांचे काय? १९६०च्या दशकातल्या करारांप्रमाणे ‘स्टार ट्रेक’च्या नटांना पुनःप्रक्षेपणाचा मोबदला पहिल्या काही वेळांपुरताच मिळे. मालिका पुढे अनेक दशके जगभर दाखवली गेली, पण त्या कमाईतला वाटा त्यांच्या हाती आला नाही. २०२३ साली अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर गेले. जुलैत नटही उतरले आणि ११८ दिवस टिकले. दोघे एकाच वेळी संपावर असण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला. मागण्या दोन मुख्य: इंटरनेटवर पुन्हा पुन्हा दाखवल्याचा रास्त मोबदला, आणि यंत्राकडून लिहून घेऊन माणसाला घरी बसवू नये. यंत्रमानवांच्या कथा लिहून पोट भरणाऱ्यांवर यंत्राविरुद्ध संप करायची पाळी यावी, हे कोणत्याही विज्ञानकथेत शोभले असते!

हे दूरदेशीचे आहे असे समजू नका. आपल्या घोडबंदर रस्त्यावर मालिकांचे सेट आहेत. तिथे दिवे ओढणारी, रंग लावणारी पोरे कळवा-दिव्याची, डोंबिवलीची आहेत. पाळी बारा तासांची, परतीला शेवटची लोकल. २०१२ साली आपला कॉपीराइट कायदा सुधारला. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाचा मानधनातला वाटा त्याच्याकडून लिहून काढून घेता येत नाही, अशी तरतूद झाली. ही मोठीच मिळकत. पण दिवा ओढणाऱ्याला त्यात काही नाही, आणि मालिका रातोरात बंद झाली की पहिली चूल त्याची विझते.

मग या मालिकांचे उद्या काय? मला असे वाटते की, एकाच धन्याच्या दावणीला बांधलेली कथा कितीही पुष्ट दिसली तरी तिचा भरवसा नाही. जी कथा अनेकांच्या हातात गेली, ती टिकते. याचा दाखला आपल्याच घरात आहे.

ज्या १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली, त्याच साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्यापाशी स्टुडिओ नव्हता, प्रायोजक नव्हता. तिने विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. १९७४ साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपले नाव पाहून कोणी झुकते माप देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. जगभर मान्यता पावलेला शास्त्रज्ञ इतरांच्या रांगेत उभा राहिला. पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशी लिहिणारी मंडळी होत गेली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. आपण सारे हळहळलो. पण मराठी विज्ञानकथेचे हक्क आता कोणाकडे, असे कोणी विचारले का? तिला धनीच नाही. आज या सभागृहातली एखादी मुलगी घरी जाऊन पुढची कथा लिहू शकते. तिला कोणाची परवानगी लागत नाही.

पण खरे तेही सांगितले पाहिजे. धनी नसला म्हणजे धोका टळला असे नाही. कधी कधी धनी नाही म्हणजे वालीही नाही. ज्या वाचनालयांनी मला शिकवले, तिथे संध्याकाळी मी आता माझ्याच वयाची माणसे पाहतो. कपाटातल्या विज्ञानकथेच्या पुस्तकावर शेवटच्या तारखेचा शिक्का काही वर्षांपूर्वीचा असतो. इथे टेप पुसायला साहेब लागत नाही. आपण उचलले नाही की ती आपोआप पुसली जाते.

प्रत्येक मालिका अनंतकाळ चालावी असा माझा आग्रह नाही. तोच नायक, तोच खलनायक दळत बसण्यापेक्षा मानाने थांबलेले बरे. मागणी एवढीच आहे: बंद करायची तर करा, पण जे झाले ते जपून ठेवा, लोकांना पाहू द्या, राबणाऱ्याचा हिशेब चुकता करा, आणि नव्या हाताला वाट द्या. कारखान्याच्या गेटवर मी ही मागणी वेळेवर केली नाही. म्हणून आज इथे करतो आहे.

पुतण्याची मुलगी आता आठ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी तिला वाचनालयात नेले आणि नारळीकरांचा एक कथासंग्रह तिच्या नावावर काढला. परत करायची तारीख पुढच्या शनिवारची आहे. त्या शनिवारी आपणही आपापल्या घरचे एखादे मूल घेऊन तिथे यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.