हिशेब एका जागी, कामकाज अनेक जागी
(बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील आंब्याचा व्यवसाय आता एका जागी राहिलेला नाही. बाग राजापूर किंवा गुहागर तालुक्यात, प्रतवारी आणि पॅकिंग रत्नागिरीत आणि विक्री वाशी किंवा पुण्याच्या बाजारात, असे अनेकांचे असते. माल तीन ठिकाणी फिरतो आणि त्याचा हिशेबही तीन ठिकाणी लिहिला जातो. हंगाम संपल्यावर बागेतली वही, पॅकिंग केंद्रातला संगणक आणि बाजारातून आलेली पट्टी यांचे आकडे जुळले नाहीत, तर फरक कोणी सोसायचा? या प्रश्नावरून भावाभावांत आणि संस्थांत वाद होतात. म्हणून कार्यालयातल्या एकाच हिशेबाशी सर्व ठिकाणे कशी जोडावीत, याचा आज विचार करू.

वारणेचा अनुभव

हा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक जोडणीचा प्रकल्प सुरू झाला. गावातील केंद्रावर संगणक ठेवून तो साखर कारखान्याशी जोडायचा आणि ऊस नोंदणी, तोडीची चिठ्ठी, उसाचे वजन ही माहिती शेतकऱ्याला गावातच द्यायची, ही कल्पना. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने तेथील ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर हेच काम करून पाहिले आणि ते जमले. कारण शेतकऱ्याला हवे होते ते चार आकडे, आणि त्यासाठी गावोगावी संगणक सांभाळण्याची गरज नव्हती.

यातून आपण एवढे घ्यावे, की यंत्र विकत घेण्याआधी कोणत्या ठिकाणी कोणती माहिती लागते ते कागदावर लिहून काढावे. बागेत पेट्यांची संख्या आणि चलन पुरते. पॅकिंग केंद्रात प्रतवारी व साठा लागतो. संपूर्ण खतावणी लागते ती फक्त मुख्य कार्यालयात.

जोडणी कशी असावी

तीन संगणकांवर एकाच फाईलच्या तीन प्रती ठेवू नयेत. कोणती प्रत खरी, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. हिशेबाचा प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालवावा आणि बाकीच्यांनी दुरून त्यावर काम करावे. या पद्धतीत दूरच्या संगणकावर केवळ पडद्याचे चित्र येते आणि तिकडून बटणे दाबल्याची खूण जाते. त्यामुळे जुना संगणकही चालतो आणि लाईन फार वेगवान नसली तरी भागते. मुख्य यंत्र कार्यालयात ठेवता येते किंवा भाड्याच्या सर्व्हरवर जागा घेता येते. वीज वारंवार जात असेल, तर भाड्याची जागा सोयीची. साध्या विंडोज संगणकावर दुरून एका वेळी एकालाच काम करता येते. अनेकांसाठी सर्व्हर आणि प्रत्येकाचा परवाना लागतो. दरपत्रक घेताना हा खर्च आधीच विचारावा.

सुरक्षिततेसाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मुख्य यंत्र इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये. व्हीपीएन म्हणजे खाजगी बंदिस्त मार्गानेच आत येता यावे.

२. प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा, शिवाय मोबाईलवरील ओटीपीची दुसरी खात्री ठेवावी. माणूस काम सोडून गेला, की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

३. बागेतल्या माणसाला नोंद करता यावी, पण जुनी नोंद खोडता येऊ नये.

४. फोनवरून कोणी अनोळखी माणूस ‘दुरून दुरुस्ती करतो, अॅप घ्या’ असे म्हणाला, तर नकार द्यावा. अशा अॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते.

लाईन तुटली तर

कोकणात हा प्रश्न टाळता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज आणि फोन नव्हते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा दुकाने व कार्यालयांतील कागद आणि संगणक दोन्ही भिजले. म्हणून छापील क्रमांकाचे, तीन प्रतींचे चलन पुस्तक प्रत्येक ठिकाणी असावेच. लाईन आली की त्याच क्रमांकाने नोंद करावी. रोजच्या हिशेबाची एक प्रत दुसऱ्या गावात, उंचावरच्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. वादळाची चिन्हे दिसताच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, वीज आणि टेलिफोन या दोन्हींच्या तारा यंत्रापासून काढाव्यात; गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये.

सभासदाचा हक्क

२०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. म्हणजे हिशेब वहीतून यंत्रात जाणे हे सर्वत्रच होणार आहे. पण वही निदान उघडून पाहता येत होती. यंत्रातला हिशेब दोघा-चौघांनाच दिसू लागला, तर सभासद अंधारात राहील. म्हणून पेट्या उतरल्या त्याच दिवशी संख्या व प्रत आणि विक्री झाली की पट्टीची रक्कम प्रत्येकाच्या मोबाईलवर गेली पाहिजे. आपल्या संस्थेच्या पुढील सभेत हा ठराव जरूर मांडावा. दोन ठिकाणे जोडून एक हंगाम चालवून पाहावा, आकडे जुळले की मगच तिसरे ठिकाण जोडावे.