वाद घालायला या, बंदूक घरी ठेवून



मी ग्वाल्हेरहून बोलतोय. ३१ वर्षं सैन्यात काढली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शिंद्यांच्या काळापासून इथे स्थायिक झालेली जी मराठी घरं आहेत, त्यातलंच आमचं एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

आज मला बंदुकीबद्दल बोलायचं आहे. सैनिक माणूस म्हटल्यावर तुम्हाला सीमेवरची बंदूक वाटेल. मी बोलणार आहे ती घरातल्या कपाटातली, कमरेला लावून लग्नाला नेतात ती. तिचा आपल्या राजकीय वादांशी काय संबंध आहे, तेही सांगतो. माझी एक चूक त्यात आहे. तीही सांगणार आहे.

आमच्या चंबळ भागात शस्त्र परवान्याला काय मोल आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने पुरुष नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना काढली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला परवाना हवा असेल तर आधी १० झाडं लावा आणि ती जगवल्याचा पुरावा द्या, अशी अट आली. लोकांनी हौसेने झाडं लावली. हसू येतं, पण विचार करा. एखाद्या वस्तूसाठी माणूस शस्त्रक्रियेला तयार होत असेल, तर त्याला ती केवळ संरक्षणासाठी हवी आहे का? खांद्यावर दुनाळी असली की लग्नात खुर्ची पुढची मिळते. खरी गोष्ट ही आहे.

माझ्याकडेही परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. फौजी अधिकारी, ग्वाल्हेरचा रहिवासी, मग ते असायचंच.

आता माझी गोष्ट. २०१८ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात विधानसभेच्या निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की इथे हजारो परवानाधारक आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करतात. मीही केलं, पावती घेतली. डिसेंबरात निकाल लागले आणि मी ते परत आणलं.

त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीत एक जेवण होतं. शेजारचा एक तरुण, माझ्या मुलापेक्षाही लहान, निकालावर बोलत होता. त्याचा पक्ष वेगळा, माझं मत वेगळं. आधी गंमत चालली होती, मग आवाज चढले. तो मुद्द्याने बोलत होता आणि खरं सांगायचं तर मला उत्तर सुचत नव्हतं. थंडीचे दिवस, अंगात कोट. बोलता बोलता माझा हात कोटाच्या आत कमरेकडे गेला. काढण्यासाठी नव्हे. पट्टा रुतत होता, तो सारखा करायला. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

तो मुलगा बोलता बोलता थांबला. त्याची नजर माझ्या हाताकडे होती. मग म्हणाला, "जाऊ द्या काका, तुम्ही म्हणता तेच बरोबर." आणि ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसला.

घरी येताना मी खुशीत होतो. बायको म्हणाली, "अहो, त्याला पटलं नाही. तो घाबरला."

३१ वर्षं मी शस्त्र हाताळलं, पण तिने एका वाक्यात जे सांगितलं ते मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं गेलं नव्हतं. किंवा शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो.

कारण सैन्यात काय असतं बघा. लोकांना वाटतं, जवानाला बंदूक जवळ बाळगायची मोकळीक असते. शांतता ठाण्यात उलट आहे. शस्त्रं कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात, कुलपात असतात. सहीशिवाय मिळत नाहीत. रोज मोजली जातात. फायरिंग रेंजवरून निघताना प्रत्येकाला जाहीर करावं लागतं की माझ्याजवळ जिवंत राउंड नाही, रिकामा खोकासुद्धा नाही. एक शस्त्र कमी भरलं तर अख्खं युनिट जागं राहतं. देशातला सगळ्यात प्रशिक्षित माणूस आणि त्याच्यावर ही बंधनं. ती अविश्वासाने घातलेली नाहीत. माणसाला राग येतो, दारू चढते, दुःख होतं, हे सैन्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती आहेत. निवृत्त झाल्यावर मी मात्र भरलेलं रिव्हॉल्वर लावून जेवायला गेलो होतो.

या प्रसंगानंतर मी वाचायला लागलो. आपल्या देशात हा वाद आधी कुणी घातला, कसा घातला?

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला. भारतीयाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. हा अपमान लोकांच्या मनात राहिला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असं कलम होतं. ज्यांनी अहिंसेने लढा दिला, त्यांच्याच ठरावात.

पुढे संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये नेमकी हीच मागणी मांडली. हा हक्क मूलभूत हक्कांत घाला, असं त्यांचं म्हणणं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. त्यांच्या उत्तराचा आशय असा की सराईत गुन्हेगारालाही हा हक्क द्यायचा का? आणि आग्रह धरायचाच तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशावर संकट आलं तर राज्याने नागरिकाला बोलवावं आणि त्याने शस्त्र हाती घ्यावं. कामतांची सूचना फेटाळली गेली.

ते वर्ष लक्षात घ्या. १९४८. त्याच वर्षी ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला होता. ज्या बेरेटा पिस्तुलाने झाला, ते खुन्याला त्याच्या अवघ्या काही दिवस आधी मिळालं होतं ते आमच्या ग्वाल्हेरात. माझ्या गावाच्या वाट्याला आलेली ही नोंद मी टाळू शकत नाही. त्या जखमेला वर्षही झालं नव्हतं, तरी सभागृहात शस्त्राच्या हक्कावर वाद शब्दांनीच झाला. कुणी कुणाला देशद्रोही म्हटल्याशिवाय झाला.

आणि त्यातून आपल्या हाती काय आलं? संविधानाचं कलम १९. त्यात भाषणाचं स्वातंत्र्य आहे आणि लगेच पुढे "शांततेने व विनाशस्त्र" एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे. विनाशस्त्र. हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. अर्थ त्या जेवणानंतर कळला. जिथे मतभेद बोलून दाखवायचे, तिथे शस्त्र नसणं ही त्या स्वातंत्र्याचीच अट आहे. कारण समोर शस्त्र असेल तर बोलणारा खरं बोलत नाही. "तुम्ही म्हणता तेच बरोबर" म्हणतो आणि ताट घेऊन निघून जातो.

आता दुसरी बाजू. माझा एक कोर्समेट आहे. आम्ही अकादमीत एकत्र होतो. भिंडकडे त्याची शेती आहे. बंदुकीबद्दल आमचा वाद पन्नास वेळा तरी झाला असेल. त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो.

तो म्हणतो, "अरे, तुझ्या घरापासून पोलीस ठाणं किती मिनिटांवर? माझ्या शेतावर रात्री माणसं घुसली तर गाडी यायला तास लागतो. या तासाचं उत्तर दे." दुसरं, "गुन्हेगार परवाना मागायला जातो का? गांधीजींना मारणाऱ्याकडे तरी परवाना कुठे होता? तुझा कायदा फक्त माझ्यासारख्याला अडवतो." आणि तिसरं, "कोडगूकडे बघ."

कोडगूचं त्याचं म्हणणं खरं आहे. कर्नाटकातल्या या जिल्ह्यात कोडव लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. फील्ड मार्शल करिअप्पा, जनरल थिमय्या तिथलेच. आपण खंडेनवमीला शस्त्र पूजतो तसा त्यांचा कैलपोध हा सण असतो. घरोघरी बंदूक, आणि तरी तिथे रोज गोळ्या चालत नाहीत. ही सूट रद्द व्हावी म्हणून एका निवृत्त कॅप्टननेच न्यायालयात आव्हान दिलं होतं. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सूट कायम ठेवली. म्हणजे नुसती बंदूक असली की गुन्हा होतो, असं म्हणता येत नाही. बंदुकीभोवती कोणते संस्कार आहेत, यावरही अवलंबून असतं. हा मुद्दा मी मित्राला देऊन टाकला आहे.

दुसरा मुद्दाही बराचसा बरोबर आहे. आपल्याकडे गुन्ह्यात सापडणारी बहुतेक शस्त्रं बेकायदा असतात. बिहारमधलं मुंगेर यासाठी कुप्रसिद्ध आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवरचं उमर्टी हे नाव जळगाव-पुण्याच्या पोलीस तपासांत वारंवार येतं. तिथून निघालेलं गावठी पिस्तूल शहरातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातात पोहोचतं. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवणं आणि विकणं यासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा केली. ते योग्यच आहे. पण नुसत्या शिक्षेने भागत नाही. दोन राज्यांच्या पोलिसांनी मिळून माल कुठे बनतो, कोण नेतो, पैसा कोण लावतो, इथपर्यंत जायला हवं. आणि ज्या हातांना लोखंड घडवायची पिढीजात कला आहे, त्यांना दुसरा रोजगारही द्यायला हवा. पोराला पकडून फोटो छापला म्हणजे गुन्हा रोखला, असं होत नाही.

पण मित्राच्या युक्तिवादात एक जागा रिकामी राहते. परवान्याच्या बंदुकीने जे होतं त्याचं काय? वरातीत हवेत झाडलेली गोळी खाली येते, गच्चीवरच्या कुणाला तरी लागते. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत अशा गोळीबारासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. तो बंदुकीने झाला नव्हता. पण त्यानंतर पिस्तूल मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ लोकांसमोर आले आणि एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं कळलं. मग त्यातले अनेक रद्द झाले. आधी दिलेच का होते, हा प्रश्न उरतोच. आणि घरात हाताशी असलेली बंदूक चोरावर क्वचित चालते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दुःखाच्या त्या एका रात्री ती हाताशी नसती, तर त्यातले कित्येक वाचले असते.

मग माझं म्हणणं काय? बंदी घाला, असं मी म्हणत नाही. ज्याला खरा धोका आहे, ज्याचं शेत ठाण्यापासून लांब आहे, त्याला चौकशी करून, प्रशिक्षण देऊन परवाना द्या. २०१६ च्या शस्त्र नियमांत पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण हे सगळं आहे. ते कागदावर राहू नये. शिफारशीवर परवाना नको. गुन्हा दाखल असलेल्याचा परवाना दर नूतनीकरणाला तपासा. आणि मित्राच्या तासाचं उत्तर म्हणजे त्याच्या भागात पोलीस चौकी आणि रात्रीची गस्त. ती मागणी त्याच्याबरोबर मीही करतो. आम्ही दोघांनी सही करून अर्ज दिला आहे.

२०१९ मध्ये सरकारच्या मूळ विधेयकात एका माणसाला एकच शस्त्र ठेवता येईल असं होतं. आधी मर्यादा तीनची होती. हरकती आल्या, चर्चा झाली आणि कायदा दोनवर थांबला. मित्राच्या मते दोन कमी आहेत, माझ्या मते जास्त. पण पद्धत हीच. कुणी हरकत घेतो, कुणी उत्तर देतो, आकडा बदलतो.

दुसऱ्या पद्धतीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळीबार झाला, ४ दिवसांनी ते गेले. तुम्हाला त्यांची मतं पटोत, न पटोत. त्यांच्याशी वाद घालायची तुमची संधीही त्या गोळ्यांनी गेली.

माझा कोटातला हात आणि त्या गोळ्या यात फार मोठं अंतर आहे, मला मान्य आहे. पण दिशा एकच आहे. उत्तर सुचेना, तेव्हा हात कुठे गेला, एवढंच मी स्वतःला विचारलं.

जानेवारी २०१९ मध्ये मी रिव्हॉल्वर कायमचं जमा केलं आणि परवाना परत केला. मित्र म्हणाला, "मूर्खपणा केलास." त्याची रायफल त्याच्याकडे आहे आणि असू दे. फक्त माझ्याकडे येताना तो ती घरी कुलपात ठेवून येतो. मी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोन-दोन तास भांडतो.

शेजारच्या त्या मुलाकडे जायला मला तीन आठवडे लागले. सांगितलं की त्या दिवशी तुझा मुद्दा बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आधी काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "काका, उत्तर आजही नाही का?" आणि आम्ही पुन्हा सुरू झालो.

तुमच्या घरात शस्त्र असेल तर एक विनंती आहे. ते कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा, आणि लग्नाला, सभेला, जेवणाला नेऊ नका. निवडणुकीत आचारसंहिता लागली की आपण ते जमा करतोच. वाद मात्र वर्षभर चालतात.

जय हिंद.