जागा सोडलेलें आतडें

आपल्या पोटांतील प्रत्येक अवयवाला निसर्गानें जागा नेमून दिली आहे. उजव्या बरगड्यांच्या आड यकृत असतें. त्याच्या वर श्वासपटल, म्हणजे छाती व पोट ह्यांमधला स्नायूंचा पडदा. आणि यकृताच्या खालच्या अंगानें मोठ्या आतड्याचा आडवा भाग जातो. क्वचित् हें आतडें आपली जागा सोडतें आणि यकृत व पडदा ह्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसतें. व्हिएन्ना येथें १९१० सालीं चिलाइडिटी नांवाच्या ग्रीक वंशाच्या क्ष-किरणतज्ज्ञानें असे तीन रोगी वर्णिले. तेव्हांपासून हा प्रकार त्याच्याच नांवानें ओळखला जातो. हजार किरणचित्रें पाहिलीं, तर त्यांत तीनहि असे सांपडत नाहींत.

असें कां व्हावें? यकृत आक्रसलें, त्याला धरून ठेवणारे बंध सैल झाले, पडदा वर उचलला गेला, किंवा जुनाट बद्धकोष्ठानें आतडें लांबलें व फुगलें, म्हणजे त्याला ही वाट मिळते. बहुतेकांना ह्याचा कांहींच त्रास होत नाहीं.

मग काळजी कशाची? चित्रांत पडद्याखालीं हवा दिसते. जठराला अगर आतड्याला भोंक पडून हवा पोटांत सुटली, तरीहि तेथें हवाच दिसते. आणि तेव्हां मात्र बहुधा तांतडीनें पोट उघडावें लागतें. उतावीळ वैद्य धडधाकट पोट चिरील, बेफिकीर वैद्य फुटलेलें आतडें तसेंच राहूं देईल! म्हणून त्या हवेंत आतड्याच्या वळ्या दिसतात काय, आणि रोग्यानें कूस बदलल्यावर ती हवा हलते काय, हें पाहतात. शंका उरल्यास सी. टी. चित्रानें बहुधा निकाल लागतो.

खरा प्रसंग ओढवतो तो आतड्याची वाट अडली म्हणजे. पोट फुगतें, कळा येतात, ओकाऱ्या होतात, मळ व वायु दोन्ही थांबतात. प्रथम तोंडानें कांहीं न देतां शिरेंतून सलाइन देतात, नाकांतून नळी घालून जठर रिकामें करतात, बस्ति देतात. पुष्कळांचें आतडें एवढ्यानें मोकळें होतें. परंतु आतड्याला पीळ पडला असेल, तर त्याच्या रक्तवाहिन्याहि पिळल्या जातात आणि तो भाग मरूं लागतो. नाडी जलद झाली, ताप चढला, पोट ताठरलें, कीं वाट पाहणें संपलें.

शस्त्रवैद्य पोट उघडून आतडें फटींतून सोडवितो, पीळ उलगडतो, आणि थोडें थांबून पाहतो: रंग परत येतो काय? रक्तवाहिन्या उडतात काय? भाग मेला असेल तर तो कापून टोकें जोडतात. रोगी फार खंगलेला असेल, तर पोटावर तात्पुरतें मलद्वार काढतात. आतडें जिवंत असेल, तर तें पुन्हां तेथें जाऊं नये म्हणून आतडें किंवा यकृत पोटाच्या भिंतीला टांक्यांनीं बांधतात, अगर लांबलेला भाग काढून टाकतात.

श्रोतेहो, आपल्या हातीं ह्यांतलें एकच आहे. पोट फुगून मळ व वायु बंद झाले असतां घरांत एरंडेल किंवा दुसरा जुलाब देऊं नका. वाट बंद असतां मागून रेटा दिला, तर आतडें फुटण्याचें भय असतें. अशा वेळीं रोग्याला विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. त्याचा जीव पुष्कळदां त्या कांहीं तासांवरच अवलंबून असतो.