पाठचा वारा

होडींत कधीं न बसलेल्या मनुष्यास विचारावें कीं, शिडाच्या होडीला कोणता वारा सोयीचा आणि कोणता धोक्याचा, तर तो चटकन सांगेल कीं, पाठीमागून येणारा सोयीचा आणि समोरून येणारा धोक्याचा. व्यवहारांतहि अनुकूल वारा, प्रतिकूल वारा हे शब्द आपण याच अर्थानें योजतों. परंतु ज्यांचा जन्म दर्यावर गेला त्यांचा अनुभव कांहींसा निराळा आहे. समोरचा वारा त्रास देतो, पण फसवीत नाहीं. पाठचा वारा सुख देतो आणि त्या सुखांतच आपलें बळ लपवितो. ही गोष्ट नीट ध्यानांत यावी म्हणून आज आपण मालवणच्या बंदरांतील एका दिवसाचा विचार करूं. दिवस वादळाचा नव्हे. केवळ जोराच्या वाऱ्याचा.

मालवण हें कोंकणच्या दक्षिण भागांतील, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील, जुनें बंदर. येथें किनाऱ्याला आंतल्या अंगास बांक आहे, आणि त्या बांकासमोर, भर पाण्यांत, कुरटें बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं त्याच्या बांधकामास आरंभ केला व १६६७ सालीं तें पुरें झालें. सुमारें ३ किलोमीटर लांबीचा त्याचा तट समुद्राच्या लाटा आजहि अंगावर घेत आहे. किल्ल्याभोंवतीं आणि बंदराच्या तोंडाशीं लहानमोठे खडक विखुरलेले आहेत. कांहीं सदैव डोकें वर काढून असतात. कांहीं ओहोटीला दिसतात व भरतीला बुडतात. आणि कांहीं कधींच दिसत नाहींत, वरच्या पाण्याच्या उसळीवरूनच ते ओळखावे लागतात. परक्या तारवांना या खडकांचा धाक, म्हणून ही जागा किल्ल्याला उत्तम. पण आपला आणि परका असा भेद खडक जाणत नाहीं. रोज त्यांच्यामधून येजा करणाऱ्या गाबीत मंडळींनाहि तो वाट चुकण्याची सवड देत नाहीं.

पावसाळा सरला म्हणजे या किनाऱ्यावर वाऱ्याचें जणूं वेळापत्रक सुरू होतें. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र मागाहून निवतो. त्यामुळें पहाटे थंड वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. सूर्य वर आला कीं जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून वारा धांवून येतो. हा खारा वारा. मतलईवर बाहेर जावें आणि खाऱ्या वाऱ्यावर घरीं यावें, असा शिडाच्या काळचा परिपाठ होता. जातांनाहि वारा पाठीशीं आणि येतांनाहि वारा पाठीशीं. याहून अधिक सोय ती कोणती? परंतु फाल्गुन-चैत्रांत ऊन कडक होऊं लागलें म्हणजे दुपारचा खारा वारा कधीं कधीं वायव्येकडून असा जोर धरतो कीं, सकाळीं आरशासारखें असलेलें पाणी दोन तासांत पांढऱ्या फेसानें भरून जातें.

होड्यांना यंत्रें लागण्यापूर्वींच्या काळांतील, फाल्गुन शुद्ध द्वादशीचा असा एक दिवस कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. होडी लहान, एका बाजूस उलांडी बांधलेली, एकच डोलकाठी आणि तिच्यावर तिरप्या परबाणाला लावलेलें एक शीड. होडींत माणसें तीन: सुकाणूवर म्हातारा तांडेल, शिडाच्या दोरीवर त्याचा मुलगा, आणि पाणी उपसण्यास व जाळें आवरण्यास १४ वर्षांचा नातू. पहाटे मतलईवर ते बाहेर पडले, किल्ला मागें टाकून दोन-तीन मैल खोल पाण्यांत गेले आणि देवाच्या कृपेनें जाळें बांगड्यानें भरून आलें. दहाच्या सुमारास मतलई पडली. कांहीं वेळ शीड लुळें लोंबत राहिलें. मग वायव्येच्या क्षितिजाशीं पाण्याचा रंग काळसर झाला. वारा येत असल्याची ती खूण.

बाराच्या पुढें होडी घराकडे वळली. वारा मागून, थोडासा डावीकडून येत होता. शीड पुरतें मोकळें सोडलें होतें आणि होडी लाटांच्या पाठीवर बसून धांवत होती. अंगाला वारा फारसा लागत नव्हता; ऊन मात्र लागत होतें. नातवाला वाटलें, यासारखी मौज नाहीं. अर्ध्या तासांत बंदर, आणि बांगडा ताजा आहे तोंवर बाजार!

येथेंच पाठच्या वाऱ्याची लबाडी आहे. वारा ताशीं २० मैल वेगानें वाहत आहे आणि होडी त्याच्याच दिशेनें ताशीं ६ मैल धांवत आहे, असें समजा. होडींतल्या माणसाला आणि तिच्या शिडाला जाणवणारा वारा मग १४ मैलांचाच. तीच होडी फिरवून तिची नाळ वाऱ्याच्या अंगास तिरपी आणली आणि ती ताशीं ४ मैल चालूं लागली, तर जाणवणारा वारा २३ मैलांच्या आसपास जातो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून या दोन स्थितींत दाबाचें अंतर अडीच पटींहून अधिक पडतें. वारा तोच, शीड तेंच. फरक केवळ तोंड फिरविण्याचा. इंग्रज आरमारांतील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या बळाचें कोष्टक रचलें व पुढें त्याला समुद्राच्या स्वरूपाचीं वर्णनें जोडलीं गेलीं. त्यांतील पांचव्या पायरीला, म्हणजे ताशीं १९ ते २४ मैलांच्या वाऱ्याला, पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा जिकडेतिकडे दिसूं लागतात. पाठ करून बसलेल्याला आपलें अंग खोटें सांगेल. पाण्याचा रंग खोटें सांगत नाहीं.

म्हाताऱ्या तांडेलाला हें कोष्टक ठाऊक नव्हतें. परंतु त्याची दृष्टि शिडावर नव्हती, पाण्यावर होती. खडकांची रांग पुढें दिसूं लागतांच त्यानें मुलाला खूण केली आणि होडीचें तोंड वाऱ्याकडे वळविलें. क्षणांत सारें पालटलें. शीड फडफडूं लागलें, तुषारांनीं तिघेहि भिजले, शिडाची दोरी हाताला कापूं लागली.

"आजा, खंय चललंस? घर तर मागे रवला!" नातू ओरडला.

"वारो केदो आसा तो बघूक, झिला. पाठ करून वारो कळणा नाय."

मग त्यानें परबाण खालीं घ्यावयास लाविलें आणि शिडाचा बराचसा भाग आवळून बांधविला. एवढ्यानेंहि त्याचें समाधान झालें नाहीं. कोंकणांत भरतीची वेळ काढण्याचा एक ढोबळ हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट करावी. तितक्या वाजतां पूर्ण भरती. द्वादशीची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तर सुमारें सहा तासांनीं, म्हणजे तिनाला, सुकती. तेव्हां ही वेळ ऐन ओहोटीची. खडकांवर पाणी थोडें, आणि त्याहून वाईट म्हणजे वारा आंत येत आहे व पाणी बाहेर जात आहे. हीं दोन बळें समोरासमोर आलीं कीं लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. अशा लाटेनें होडीची पिछाडी उचलली तर सुकाणू निकामी होतें, होडी आडवी फिरते, शीड एका झटक्यांत दुसऱ्या बाजूस जातें. आणि मग आजूबाजूस खडक. तेथें कितीहि कसलेला हात असला तरी त्याचें कांहीं चालत नाहीं.

म्हणून त्यानें खडकांपासून बरेंच बाहेर, मोकळ्या पाण्यांत, भरपूर दोरी सोडून नांगर टाकला. नांगर धरतो कीं घसरतो हें पाहण्यासाठीं किनाऱ्यावरील एक माड आणि त्यामागील टेंकडीचा एक कडा या दोन खुणा एका रेषेंत धरून तो बसला. खुणा हलल्या तर नांगर घसरला असें समजावें. तीन तास असें बसावयाचें होतें. हे तीन तास फुकट मिळत नव्हते. बांगडा हा उन्हांत लवकर उतरणारा मासा. ताज्याचा भाव निराळा, शिळ्याचा निराळा. त्यावर ओलें फडकें टाकून मुलगा मुकाट बसला होता, पण तो काय मोजीत होता हें बापाला कळत होतें.

तेवढ्यांत दुसरी एक होडी पूर्ण शिडानें शेजारून धांवत गेली. खडकांच्या तोंडाशीं ती एकदां भयंकर कलली, फेसांत दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळानें किल्ल्याच्या आडोशाच्या शांत पाण्यांत सुखरूप दिसली. नातवाच्या डोळ्यांत पाणी आलें. ते पोंचले, मग आपणच कां बसावें, असें त्यानें विचारलें.

"ते पावले, बरा झाला," म्हातारा म्हणाला. "पण दर्या रोज उधार देणा नाय."

या उत्तरांत पुष्कळ अर्थ आहे. एखादें धाडस तडीस गेलें, एवढ्यावरून तें शहाणपणाचें होतें असें ठरत नाहीं. दहांतून आठ वेळां जी वाट पार पडते तीच वाट उरलेल्या दोन वेळां घर बुडविते. आणि आजची वेळ आठांतली कीं दोहोंतली, हें आधीं कोणी सांगत नाहीं. ज्याला वर्षांतून एकदां मौजेसाठीं पाण्यावर जावयाचें आहे, त्यानें हिशेब कसाहि करावा. ज्याला उद्यां, परवां आणि त्यानंतरहि त्याच खडकांमधून जावयाचें आहे, त्याला आजच्या भावापेक्षां रोजच्या येण्याचा हिशेब ठेवावा लागतो.

तिनानंतर पाणी थांबलें, मग आंत वळलें. वारा तेवढाच होता, पण आतां तो आणि भरती एका दिशेनें चालूं लागलीं, तशा लाटा लांब व सपाट झाल्या. चाराच्या पुढें नांगर उचलून, आवळलेल्या शिडावर, होडी सावकाश खडकांमधून आंत आली. बांगड्याचा भाव पडला होता. कांहीं माल मीठ लावून ठेवावा लागला. परंतु किनाऱ्यावर होड्या मोजीत उभ्या असलेल्या सुनेच्या हिशेबांत त्या दिवशीं कांहीं उणें पडलें नाहीं.

आतां कोंकणच्या बंदरांतून यंत्राच्या होड्या धांवतात आणि मतलईची वाट पाहण्याचें कारण बहुतेकांना उरलेलें नाहीं. तरी शिडाची विद्या अगदींच लोपली असें नव्हे. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि 'तारिणी' या नौकेंतून २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीं तीच प्रदक्षिणा पुरी केली. महासागर असो वा मालवणचें बंदर असो, शीड केव्हां फुलवावें याइतकेंच तें केव्हां आवळावें, हें त्या विद्येचें मर्म आहे.

संकटाचे दिवस आले म्हणजे मनुष्य आपोआप सावध होतो. वारा तोंडावर लागतो, तेव्हां त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. सावध राहण्याचें खरें काम भाग्याच्या दिवसांचें आहे. पैसा, मान, अधिकार हे पाठीशीं असतांना आपण किती वेगानें जात आहों आणि वारा किती वाढला आहे, हें अंगाला कळत नाहीं. अशा वेळीं क्षणभर तोंड फिरवून वारा खरोखर केवढा आहे तें पाहावें, भरती-ओहोटीचा हिशेब करावा, आणि जरूर तर नांगर टाकून थांबावें. थांबण्यांत थोडें नुकसान होतें, हें खरें. पण तें नुकसान उद्यांच्या मेहनतीनें भरून येणारें असतें.